खालून दोन ठोके

आठवडाभर म्हातारी ठोकत होती, आणि ते सांगितलं फक्त एकाच माणसानं.

म्हातारी म्हणजे लाँच. वय वर्षं बत्तीस, अंगावर रंगाचे इतके थर की खालचं लाकूड कुठल्या रंगाचं होतं ते आता देवालाच ठाऊक. रोज सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीला चाळीसेक माणसं, त्यांच्या पिशव्या, सायकली, कधी एखादी शिवणयंत्राची पेटी. या काठावरून त्या काठावर जायला पाऊण तास. इंजिन तिच्या पोटात, मधोमध, लाकडी झाकणाखाली. तिथून मनगटाएवढा जाड लोखंडी शाफ्ट मागं जायचा, तळातल्या भोकातून बाहेर पाण्यात निघायचा, आणि त्याच्या टोकाला पंखा. एवढंच सगळं यंत्र. पण एवढ्याशा यंत्रावर दिवसाला अडीचशे माणसांचा जीव तरंगत असतो हे तिकीट काढणाऱ्याच्या डोक्यात येत नाही, आणि येत नाही तेच बरं.

लाँच चालवायची मिस्त्रीची मुलगी. घरात तिला ठकी म्हणत, आणि तिशी ओलांडली तरी ठकीची काही सुटका झाली नव्हती. मिस्त्रीला धक्क्यावर सगळे कानमिस्त्री म्हणायचे. लाकडी दांडीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावून हा माणूस आतला कुठला भाग कधी बोंब मारणार ते सांगायचा, आणि तो भाग बिचारा सांगितलेल्या दिवशी बोंब मारायचा. तीस वर्षं हेच. अशा नावाची माणसाला सवय होते, आणि मग ते नाव सांभाळावंही लागतं.

ठकीनं पहिल्यांदा सांगितलं ते जेवताना. बाबा, मागून आवाज येतोय, म्हणाली. दोन ठोके. जरा थांबून परत दोन. त्यानं नेहमीचे प्रश्न विचारले: वेग वाढवला की वाढतो का, वळताना येतो का, थंड इंजिनावर येतो की तापल्यावर. ती सांगत गेली, पण तिचं मन त्या उत्तरांत नव्हतं. ताटातलं बोटानं इकडून तिकडे सारत ती शेवटी म्हणाली,

"अगदी तुम्ही पान्यानं ठोकता ना खालून, तसे."

घास त्याच्या हातातच राहिला. ही त्या दोघांची जुनी खूण होती. ठकी लाँच शिकत होती तेव्हा हा खाली इंजिनाच्या खड्ड्यात असायचा आणि ती वर सुकाणूवर. इंजिनाच्या घरघरीत हाक ऐकू जाणं शक्य नाही, म्हणून तो पान्यानं इंजिनाच्या लोखंडी बैठकीवर ठोकायचा. एक ठोका म्हणजे वेग कमी कर. दोन म्हणजे गिअर सोड. तीन म्हणजे बंदच कर. हात इतका बसला होता की दोन ठोके कानावर पडले की ठकीचा हात विचार न करता गिअरच्या दांड्यावर जायचा.

आणि तो गेलाही होता. पहिल्या दिवशी, भर पाण्यात, दोन ठोके ऐकले आणि तिनं गिअर सोडला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पार पुढच्या टोकाला दोर सांभाळणाऱ्या जाड्या खलाशाला सुकाणू धरायला सांगून तिनं झाकण उघडून खाली पाहिलं. खाली कोणी नव्हतं. कोण असणार! मग तिनं आईच्या फोनवर बाबांना नुसतंच विचारलं होतं, बरे आहात ना, आणि तो उगाच खेकसला होता की मला काय धाड भरलीय.

आता त्या फोनचा अर्थ लागला. पण मिस्त्री ठोक्यांना भ्याला नव्हता. त्याची भीती वेगळीच होती, दोन वर्षांची जुनी, आणि ती त्यानं बायकोपासूनसुद्धा लपवली होती.

त्याचे कान जात होते.

एकदम नाही. आधी दारावरची घंटी गेली, मग फोनची, मग शेजाऱ्यांचा पोपट मुका झाला. शांत खोलीत समोर बसून कोणी बोललं तर अजून निभत होतं. पण गोंगाट असला की संपलं. पूर्वी इंजिन त्याच्याशी वीस आवाजांत बोलायचं आणि तो ते वीसही वेगळे काढायचा, तांदळातले खडे काढावेत तसे. आता सगळ्यांचा मिळून एक गोळा कानावर आदळायचा. दांडी तो अजून लावायचा, डोळे मिटायचा, मान हलवायचा. बाकी सगळं अनुभवावर आणि अंदाजावर, आणि अंदाज चांगला होता म्हणून झाकली मूठ झाकलेली राहिली होती.

कानाच्या दवाखान्यातही तो जाऊन आला होता, चोरून. तिथं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबा. आवाज कुठला यायला! पण काचेपलीकडे बसलेल्या बाईनं यंत्राची कळ फिरवली की तिचं कोपर हलतं हे त्याच्या दोन मिनिटांत लक्षात आलं. मग कोपर हललं की हा बटण दाबायचा. कागदावर लिहून मिळालं: थोडी घट, वयाला धरून. पहिलीतल्या मुलासारखी कॉपी करून मिळवलेला तो कागद त्यानं अवजारांच्या पेटीत तळाला ठेवला आणि स्वतःच्याच मनाला त्याचा दाखला देत राहिला.

तर दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीआधी तो धक्क्यावर हजर झाला. जलवाहतूक खात्याचा नियम असा की इंजिनावरचं झाकण उघडायचं तर लाँचवर एकही उतारू नको. त्यामुळे तपासणी नेहमी रिकाम्या लाँचवर, धक्क्याला बांधून. इंजिन चालू केलं, दोर ताणून जरा गिअरमध्येही टाकून पाहिलं. दांडी लावली. कानात तोच गोळा.

त्यानं दांडी कानामागं आणखी दाबली. आवाज नाहीच आहे, की आहे आणि आपल्याला येत नाही? हा प्रश्न त्यानं तीस वर्षांत कधी स्वतःला विचारला नव्हता. त्यानं जाड्याला खाली बोलावलं आणि अगदी सहज म्हणाला, बघ रे, तुझे कान तरुण आहेत, काही ठोके वगैरे? जाड्यानं कान देऊन ऐकलं आणि नाही म्हणाला. तिकीट खिडकीवरचा कारकून चहाचा पेला घेऊन काठावर उभा होता, त्यालाही विचारलं. तोही नाही म्हणाला.

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. दोन धडधाकट माणसांना ऐकू येत नाही म्हणजे आवाज नाही, आणि आवाज नाही म्हणजे कान शाबूत. आनंदाच्या भरात त्यानं लाँचवरच्या तपासणीच्या वहीत लिहिलं, "आवाज नाही," आणि खाली झोकदार सही ठोकली. त्याला त्या सकाळी कळलं नाही, पण त्यानं लाँच तपासलीच नव्हती. त्यानं स्वतःचा कान तपासला होता.

ठकीनं वही वाचली. मिटून ठेवली आणि म्हणाली की मग माझ्याच डोक्यात वाजत असेल. हसलीही. मिस्त्री पण हसला. लहानपणी ती भारी भित्री होती. छपरावर काही खुडबुडलं, नळात गुडगुडलं की उठून बसायची. मग हा भिंतीला कान लावायचा, थोडा वेळ ऐकल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, "काही नाही." त्या दोन शब्दांवर पोर डाराडूर झोपायची. तिच्या आईनं दहा वेळा समजावलं तरी उपयोग नसायचा. काही नाही हे बाबांनीच म्हणायला लागायचं.

आणखी दोन सकाळी तेच झालं. ती म्हणायची आहे, तो बांधलेल्या रिकाम्या लाँचवर दांडी लावायचा, जाड्या नाही म्हणायचा, वहीत "आवाज नाही" चढायचं. तिसऱ्या दिवसानंतर तिनं सांगणंच सोडलं. पण तिचे डोळे खोल गेले होते, आणि घरात पेला जरी जमिनीवर पडला तरी तिचा उजवा हात उडायचा. बायको म्हणाली, अहो, पोरीला झालंय काय? कामाचा ताण, दुसरं काय, असं म्हणून त्यानं तिची बोळवण केली.

सातव्या दिवशी दुपारी तो धक्क्यावर पाने पुसत बसला होता. दोनची फेरी भरत होती. माणसं चढत होती, मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसत होती, आणि त्याची नजर उगाचच लाँचच्या मागच्या भागावर खिळली होती. तिथं पाण्याच्या रेषेवर लाल पट्टा होता. दहाच दिवसांपूर्वी म्हातारीला जमिनीवर ओढून शाफ्टची दुरुस्ती केली होती, तेव्हा हा नवा पट्टा मारलेला. रोज सकाळी तो पाण्यावर वीतभर दिसायचा. आता माणसं बसत गेली तसा तो बुडत गेला. शेवटची सायकल चढली आणि पट्टा दिसेनासा झाला.

त्याच्या हातातला पाना थांबला.

जुनं लाकूड वजनानं वाकतं. मागचा भाग दबला की इंजिन आणि शाफ्ट यांची सरळ रेष मोडते. इंजिन एका दिशेला बघतं, शाफ्ट दुसरीकडे, आणि दोघांना जोडणाऱ्या कपलिंगच्या चार बोल्टांवर प्रत्येक फेऱ्याला हिसका बसतो. ठकीला ठोके ऐकू येत होते ते माणसं भरल्यावर. त्यानं तपासली होती ती रिकामी लाँच. तीनदा! आणि त्या मागोमाग दुसरी गोष्ट आठवली, जी तो आठवडाभर आठवायचं टाळत होता. कपलिंगची रेष जमिनीवर जुळवून भागत नाही. लाँच पाण्यात उतरली, दोन दिवस तरंगून तिचं अंग बसलं, की पातळ पत्त्या घालून फट पुन्हा मोजायची, लागली तर रेष पुन्हा जुळवायची. हे तोच नव्या मिस्त्रींना शिकवायचा. पण त्या दिवशी त्याची दवाखान्याची वेळ होती. त्यानं खात्याला झालं म्हणून कळवलं आणि कोपर बघून बटणं दाबायला निघून गेला.

जाड्या दोर सोडत होता. मिस्त्रीनं पेटीतून बॅटरी आणि पाना उचलला आणि साठीच्या गुडघ्यांना न विचारता सुटत्या लाँचवर उडी मारली.

ठकीनं वळून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर इतका सुटकेचा भाव आला की त्याला तिच्याकडे बघवेना. तो तिच्या मागे उभा राहिला. लाँच उघड्या पाण्यात आली. दोन्ही काठ सारखेच लांब झाले तेव्हा तिचा उजवा हात सुकाणूवरून उडाला आणि परत बसला.

"हा बघा. आत्ता."

त्यानं कान दिला. जीव कानात आणून ऐकलं. गोळा, नुसता घरघरीचा गोळा. त्यानं आजूबाजूला पाहिलं. मागच्या बाकावरची एक बाई मांडीवरची पिशवी घट्ट धरून पायाखालच्या फळीकडे बघत होती. पुन्हा ठकीचा हात उडाला, आणि त्याच क्षणी त्या बाईनं दोन्ही पाय वर उचलून घेतले. तिच्या शेजारचा माणूस वाकून बाकाखाली पाहू लागला.

म्हणजे आवाज सगळ्यांना येत होता. त्याच्या पायाखाली, हातभरावर, कोणीतरी ठोकत होतं आणि लाँचवर कानमिस्त्री सोडून सगळ्यांना ते ऐकू येत होतं. स्वतःच्याच घरात शिरून दिवा लागू नये तसं त्याला झालं.

त्यानं तिला हातानं चालू राहू दे अशी खूण केली, नियम धाब्यावर बसवून झाकण उचललं, खाली उतरला आणि वरच्या लोकांच्या तोंडावर नको म्हणून ते पुन्हा ओढून घेतलं.

खाली उष्ण, तेलकट अंधार होता. इंजिनाच्या बाजूनं सरपटत तो मागं गेला. जागा इतकी अरुंद की एकदा आत गेलं की वळता येत नाही, उलटंच यावं लागतं. कानाची आशा सोडून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकण्यासाठी गिअरबॉक्सवर तळहात ठेवला आणि थांबला. थरथर. थरथर. आणि मग मनगटात दोन धक्के बसले, कोपरापर्यंत गेले. जरा वेळानं परत दोन. तरी एक क्षण त्याला बरं वाटलं, कारण पोरीचं डोकं ठिकाणावर होतं.

त्यानं बॅटरी कपलिंगवर धरली. दोन जाड लोखंडी तबकड्या, एक गिअरबॉक्सची, एक शाफ्टची, आणि त्यांना एकत्र धरणारे चार बोल्ट. फिरत्या कपलिंगवर काय दिसणार, पण भोवती तांबड्या भुकटीचं कडं पडलं होतं, लोखंड लोखंडाला खातं तेव्हा पडतं तसं. त्यानं तळाच्या पाण्यात हात घातला. बोटांना एक बोल्ट लागला. मग दुसरा, अर्धाच, तुटलेला. उरले दोन. आणि तबकड्यांमध्ये फट पडत होती, मिटत होती, पडत होती, मिटत होती.

पुढं जाताना भीती नव्हती. पुढं जाताना पंखा पाणी मागं ढकलतो आणि शाफ्टला आत, गिअरबॉक्सकडे दाबून धरतो. पण धक्क्याला लागताना लाँच थांबवायला ठकी गिअर उलटा टाकणार. तसा टाकला की पंखा शाफ्टला बाहेर ओढणार. ते दोन बोल्ट सुटले की शाफ्ट भोकातून सरळ मागं सरकणार. नशीब थोर असेल तर पंखा सुकाणूच्या पात्याला अडकतो. नसेल तर शाफ्ट तळाला जातो आणि मनगटाएवढ्या भोकातून पाणी आत येतं, आणि म्हातारीला बुडायला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागतो.

सहा दिवस, रोज सहा वेळा, तिनं गिअर उलटा टाकला होता.

आणि तेवढ्यात तळहाताखालची थरथर बदलली. इंजिनाचा वेग उतरला. काठ आला होता.

तो मागं सरकायला लागला तर पाय पाइपात अडकला. ओरडला, पण ती ओरड त्याला स्वतःलाच ऐकू आली नाही. मग पाना उचलून त्यानं बैठकीवर दणादण दोन ठोके घातले. गिअर सोड! पुन्हा दोन. पुन्हा दोन. वेग तसाच उतरत होता, लाँच तशीच पुढं जात होती, आणि त्याला समजलं.

हे ठोके ती आठवडाभर ऐकत होती. आणि आठवडाभर, वहीत सही करकरून, त्यानंच तिला शिकवलं होतं की हे ठोके खरे नाहीत.

त्यानं पाना टाकला. इंजिनाच्या कुशीला डिझेल तोडायची एक छोटी कळ असते. तिथपर्यंत हात पुरेना. खांदा तापलेल्या लोखंडावर दाबून, चर्रकन भाजत असताना त्यानं बोटं लांबवली. त्याच क्षणी गिअर उलटा पडला. शाफ्टनं अंग झाडलं. बॅटरीच्या उजेडात तबकड्यांमधली फट एक बोट झाली, दोन बोटं झाली, आणि त्यानं कळ ओढली.

इंजिन मेलं.

तो कसा उलटा सरपटला, डोक्यानं झाकण कसं उडवलं, ते त्याला नंतर सांगता आलं नाही. डोकं बाहेर काढलं तर समोर सिमेंटचा धक्का, अंगावर येणारा, आणि ठकी मेलेल्या इंजिनाची किल्ली फिरवत होती.

"बाहेर वळव! धक्का सोड, बाहेर वळव!"

हे मात्र तिनं ऐकलं. सुकाणू गरगरा फिरवलं. म्हातारीनं कण्हत तोंड वळवलं, कूस धक्क्यावरच्या टायरांना घासत गेली, माणसं एकमेकांवर कोसळली, एक सायकल पाण्यात गेली. जाड्यानं फेकलेला दोर खांबाला पडला आणि ताणला. एका म्हाताऱ्याचं कपाळ फुटलं, एका बाईचा चष्मा. तेवढ्यावर निभावलं. जाड्या लगेच माणसांना उतरवायला लागला.

ठकी झाकणापाशी आली. तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

"बाबा, पाणी."

"कुठंय?" तो बॅटरी इंजिनाभोवती फिरवायला लागला.

"तिकडं नाही, मागं. केवढं फुसफुसतंय." ती थांबली. तो अजून भलतीकडेच उजेड टाकत होता. "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

तो तिच्या ओठांकडे बघत होता. तिच्या लक्षात आलं की तो तिच्या ओठांकडे बघतोय. माणसं उतरली तशी तिनं मागच्या बाकाखालची फळी उचलली, त्याला घेऊन खाली उतरली आणि त्याचं मनगट धरून अंधारात शाफ्टच्या भोकापाशी टेकवलं. गार पाण्याची चूळ त्याच्या तळहातावर आदळली. शाफ्ट दोन बोटं मागं सरकला होता आणि भोवतालची बांधणी सोबत उचकटली होती. त्यानं अंगातला शर्ट काढला, दोघांनी तो शाफ्टभोवती गुंडाळला आणि दोरीनं आवळला. चुळीची धार झाली, धारेचे थेंब झाले. दोघं गुडघाभर पाण्यात बसून राहिले.

लहानपणी अंथरुणात उठून बसून विचारायची त्याच आवाजात तिनं विचारलं,

"काही नाही ना, बाबा?"

ते दोन शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. तीस वर्षं तयारच होते.

"आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. घंटी, पोपट, काचेची खोली, बाईचं कोपर, न मोजलेली फट, आणि बांधलेल्या रिकाम्या लाँचवर जाड्यानं नाही म्हटल्यावर झालेला तो आनंद. त्याचं सांगून झाल्यावर ती इतकंच म्हणाली की मला वाटलं, मला वेड लागतंय. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून मी माणसं भरभरून नेत राहिले. एवढं बोलून ती वर निघून गेली. तिनं चिडायला हवं होतं. चिडली असती तर त्याला सोसलं असतं.

तासाभरानं धक्क्यावर पाणी उपसायचा पंप आणून लावला. त्याच्या फटफटाटात मिस्त्री उघड्या अंगावर कोणाचं तरी जाकीट घालून मागच्या बाकावर, पाण्याकडे तोंड करून बसला होता. खांद्यावर भाजल्याचा फोड आला होता. दुसऱ्या खांद्यावर कोणी थोपटलं म्हणून त्यानं मान वळवली. ठकी मागं उभी होती, एका हातात तपासणीची वही, दुसऱ्या हातात त्याचा पाना. तिनं वाकून तोंड त्याच्या तोंडासमोर आणलं आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं,

"मी आत्ता या कठड्यावर ठोकलं. किती वेळा?"

त्यानं पान्याकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं. कठड्याच्या रंगाचे टवके उडाले होते, ते मोजता आले असते. नाहीतर दोन म्हणता आलं असतं, दोनच असणार. असे अंदाज त्याला चांगले जमायचे. तिचं कोपर अजून अर्धवट वर होतं.

"मला नाही ऐकू आलं," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. डोळे भरले होते ते पुसले नाहीत. पाना पेटीत ठेवला, वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी बसली. वरच्या तीन ओळी त्याच्याच अक्षरात होत्या, तिन्हींखाली झोकदार सही. त्यानं वही गुडघ्यावर दाबून धरली आणि चौथी ओळ लिहिली.

"आवाज आहे. चालकाने पहिल्या दिवशीच सांगितला. मिस्त्रीला ऐकू येत नाही."